गोव्याच्या सड्यांवर सायकल, घाटवाटांवर पाय : चवथीनंतरच्या मोसमाची तयारी

सडेकर

दर वर्षी चवथीनंतर पावसाचा जोर ओसरला की एकच विचारणा सुरू होते: सायकल कुठली, बूट कुठला, डोंगर कुठला. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी जमीन, मग महिना, मग वाट. सायकल आणि बूट त्यावरून ठरतात. ज्याला जे नेमके ठाऊक आहे ते आकड्यांसकट इथे लिहा.

सुरुवात जमिनीपासून करतो. किनाऱ्यापासून सत्तरी-सांग्याच्या पायथ्यापर्यंत पायाखाली बहुतेक जांभाच लागतो. वरचे कवच लोहाने घट्ट झालेले, सच्छिद्र, कडांना धार. त्याखाली मऊ चिकणमाती. त्यामुळे एकाच डोंगरावर वेगवेगळ्या जमिनी मिळतात. माथ्यावर उघडा सडा, म्हणजे जांभ्याचे सपाट पठार. डिसेंबर ते मे त्यावर टायर घट्ट धरतो. उतारावर खडी, म्हणजे जांभ्याचे हरभऱ्याएवढे खडे, जे टायरखाली गोट्यांसारखे फिरतात. जिथे कवच फुटले आहे, म्हणजे बुलडोझरने रस्ता काढलाय किंवा चिरेखाण झालीय, तिथे तांबडी माती. ती ओली असताना चिकटते आणि सुकली की विटेसारखी घट्ट होते. घाटातली जमीन आणखी वेगळी: वीतभर पातेरा, म्हणजे वाळलेल्या पानांचा थर, त्याखाली मुळे आणि सुटे दगड. सुर्लाच्या बाजूला तर काळा बेसाल्टही लागतो.

शेवाळाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुलैपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सड्यावर काळपट-हिरवा थर असतो. तो सुकला की दगडच काळा आहे असे वाटते. त्यावर सकाळचे दव किंवा एक सर पडली की पुन्हा साबणासारखा होतो. बुटाच्या टाचेने घासून पाहावे. भुकटी निघाली तर पुढे जा. लगदा निघाला तर उतरून सायकल ढकला.


चाक_आणि_आरे

सडेकरबाबांनी जांभ्याच्या धारेबद्दल लिहिले, तेच पुढे नेतो. गोव्यात पंक्चर काट्यापेक्षा जास्त बाजूच्या भिंतीतून होते. टायरचा तळ जाड असतो, भिंत पातळ. सड्यावरच्या खळग्यात चाक तिरके उतरले की खळग्याची कड भिंत कापते. म्हणून टायर घेताना दात किती मोठे हे पाहण्याआधी भिंतीला संरक्षक थर आहे का ते पाहा. वजन चाकामागे शंभर-दीडशे ग्रॅम वाढेल, ते इथे वाढू द्यावे.

रुंदी: कोरड्या मोसमात २.३ ते २.४ इंच. पावसाळ्यात आणि चवथीनंतरच्या पहिल्या महिन्यात २.१ ते २.२ पुरे. कारण तांबडी माती. ती टायरवर थर धरते आणि फ्रेमच्या मागच्या दोन नळ्यांमध्ये, फोर्कच्या कमानीत अडकते. रुंद टायर आणि फ्रेम यांत जेमतेम ५-६ मिमी जागा असेल तर शंभर मीटरमध्ये चाक फिरणे बंद होते. अशा वेळी जोर लावून पेडल मारू नका. मागच्या गिअरचा हात ओढला जाऊन हँगर, म्हणजे तो हात फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो. काठीने माती काढा, पुढे चला.

हवा: ७५ किलोचा माणूस, २९ इंची चाक, २.३ चा ट्यूबलेस टायर असेल तर पुढे २१-२२ आणि मागे २४-२५ पीएसआय. ट्यूब असेल तर दोन्हीकडे ४-५ वाढवा, नाहीतर टायर दगड आणि रिमच्या मध्ये चेपून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. अशी जोडभोके दिसली की कारण काटा नसतो, हवा कमी असते. वजन दर ५ किलोने वाढले तर साधारण एक पीएसआय वाढवावा.

ट्यूबलेस असेल तर २९×२.३ साठी १००-१२० मिली सीलंट, म्हणजे भोके आतून बुजवणारे द्रव. आपल्या उकाड्यात ते दोन-अडीच महिन्यांत सुकते. चाक कानाजवळ धरून हलवा, आत पाणी हलल्याचा आवाज आला नाही तर भरा. सोबत रबरी प्लग आणि जुन्या टायरचा ४×६ सेंमीचा तुकडा ठेवा. भिंत फाटली तर प्लग टिकत नाही. तो तुकडा आतून लावायचा आणि ट्यूब घालायची. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आत अडकलेले काटे बोटाने चाचपून काढा. सीलंटमुळे ते महिनोन्‌महिने न कळता राहिलेले असतात आणि नवी ट्यूब दोन मिनिटांत जाते.


नवा_पेडल

नेमका प्रश्न विचारतो. साडेसत्तावीस इंची हार्डटेल (फक्त पुढे शॉक), ट्यूब, टायर २.१, वजन ८२ किलो, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक. पर्वरी, सुकूर, साळगावचा सडा आणि पुढे डिसेंबरात चोर्ला घाट एवढेच डोक्यात आहे. हवा किती ठेवू? आणि या ब्रेकवर चोर्ल्याचा उतार करावा का?


चाक_आणि_आरे

पुढे ३०, मागे ३३ ने सुरुवात करा. पहिल्या दोन फेऱ्यांत रिमला दगड लागल्याचा ठक्क आवाज आला नाही तर एकेक पीएसआय कमी करत न्या. आवाज आला की थांबा, तिथून दोन वाढवा. पंपाचा काटा भरवशाचा नसतो, म्हणून नेहमी एकाच पंपाने मोजा. आकड्यापेक्षा सातत्य कामाचे.

ट्यूबचे ठिगळ: भोकाभोवती पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याहून मोठी जागा खरखरीत करा, पातळ सोल्यूशन लावा आणि पाच मिनिटे थांबा. सोल्यूशनची चकाकी जाईपर्यंत ठिगळ लावायचे नाही. घाईने ओल्यावर लावलेले ठिगळ उन्हात तापल्यावर सुटते. पावसात बाहेर ठिगळ लावायच्या भानगडीत पडूच नका, ट्यूब बदला आणि ठिगळ घरी लावा.

ब्रेकबद्दल काणकोणची बाय लिहील, तो विषय तिचा.


काणकोणची_बाय

लिहिते. नवा_पेडल, आधी तुमच्या रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, काय कोरले आहे ते वाचा. स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असे इंग्रजीत लिहिलेले असते. तसे असेल तर त्यावर धातूमिश्रित पॅड लावायचे नाहीत, रोटर मऊ असतो, खरवडला जातो. तसे लिहिलेले नसेल तर पावसाळ्यात धातूमिश्रित पॅडच घ्या. तांबड्या मातीत लोहाचे बारीक कण असतात. पाण्यात मिसळून ते पॅड आणि रोटरच्या मध्ये लापीसारखे बसतात आणि रेझिन पॅड घासून टाकतात. ओल्या चिखलात नवे रेझिन पॅड एका लांब दिवसात संपू शकतात. धातूमिश्रित पॅड आवाज जास्त करतात, थंड असताना धरायला थोडा वेळ घेतात, पण टिकतात.

पॅडवरचा घासणारा थर ०.५ मिमीवर आला की संपला. शिमानोच्या रोटरची जाडी १.५ मिमीपेक्षा खाली गेली की रोटरही बदलायचा. नखाने रोटरच्या कडेला खाच लागते का पाहा, लागत असेल तर मोजून घ्या.

तारेच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुतेक वेळा एकच पॅड हलतो, दुसरा स्थिर असतो. पॅड झिजला की दांडी हँडलला टेकेपर्यंत ओढावी लागते आणि माणूस तार घट्ट करतो. तार घट्ट करणे ही चूक. स्थिर पॅड आतल्या स्क्रूने रोटरजवळ आणा, कागदाएवढी फट ठेवा, मग बाहेरच्या पॅडची जुळणी. तार शेवटी.

चोर्ल्याचा उतार या ब्रेकवर होतो, पण पद्धत पाळली तरच. सतत दाबून ठेवायचे नाही. वळणाआधी सरळ रेषेत दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा, वेग उतरवा, वळणात सोडा. मधल्या सरळ पट्ट्यात रोटरला वारा लागू द्या. जळका वास आला किंवा दांडी मऊ लागली तर थांबा, दहा मिनिटे. रोटरला हात लावू नका, पाणीही ओतू नका, तापलेली चकती वाकते. नवे पॅड घातल्यावर थेट घाटात जाऊ नये. सपाट रस्त्यावर वीसएक वेळा वेगातून जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक मारून पॅडचा थर रोटरवर बसवायचा. चाक अडकू द्यायचे नाही.

द्रवाचे ब्रेक असणाऱ्यांसाठी एकच वाक्य. शिमानोत मिनरल ऑइल, स्रॅमच्या बहुतेक जुन्या ब्रेकमध्ये डॉट द्रव, आणि एकात दुसरे घातले की आतले रबर फुगून ब्रेक कायमचा जातो. दुकानात बाटलीवरचे नाव स्वतः वाचा.


पठारी

एवढे सगळे वाचून एक सांगतो. सड्यावरची खरी मजा ऑगस्टमध्ये. हिरवेगार, गार वारा, पाण्याची तळी. शेवाळाची जागा टाळून चालवता येते. सगळे डिसेंबरवर का ढकलताय?


सत्तरीची_वाट

पठारीबाब, इथे स्पष्ट असहमत आहे. घसरण्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी.

सड्यावर माती दोन-तीन बोटे. जून ते ऑक्टोबर त्या दोन बोटांत वर्षभराची सगळी जीवसृष्टी उगवते: सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू, कवला, तेरडा. यातली बरीचशी एका मोसमाची रोपे आहेत. फुलून बी पडले नाही तर पुढच्या वर्षी त्या जागी काही नाही. सीतेची आसवे आणि दवबिंदू तर कीटक पकडून जगतात, कारण त्या जमिनीत नत्र जवळजवळ नसतेच. टायरची एक रेघ त्या ओल्या थरात खाच पाडते, पुढचे पाणी त्याच खाचेतून धावते, माती वाहून खालचा कोरा दगड उघडा पडतो. तिथे पुन्हा माती साठायला फार वर्षे लागतात. पायी चालणाऱ्यांनीही पावसात सड्यावर दगडावरून दगडावर पाय टाकत जावे आणि एकामागून एक चालावे, पसरून नाही.

सायकलला पावसात जागा नाही असे मात्र नाही. डांबरी चढ आहेत. नेत्रावळीकडून वेर्ले, साळगिणीकडे जाणारा रस्ता, मोलेहून अनमोड घाट, पारोड्याला चंद्रनाथाच्या डोंगराचा चढ. चोडण, दिवाडीचे आतले रस्ते सपाट आहेत, फेरीबोटीने पलीकडे जाऊन सकाळ निघते. तिथे खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताच्या, बांधावर मात्र पावसाळ्यात सायकल घालू नका. बांध मातीचा असतो, ओला असताना चाकाच्या खाचेतून खारे पाणी शेतात पाझरायला लागते. बांध आणि मानस (खारे पाणी अडवणारी झडप) सांभाळणाऱ्यांचे वर्षाचे भात त्यावर अवलंबून आहे.


पठारी

फुलांबद्दल माहीत होते, मातीची खाच आणि पाण्याचा प्रवाह हा भाग लक्षात घेतला नव्हता. मान्य. मग ऑगस्टात अनमोड, सडा डिसेंबरात.


व्हाळकाठ

चालणाऱ्यांसाठी व्हाळाबद्दल, म्हणजे ओढ्याबद्दल, सविस्तर लिहिते, कारण घाटपायथ्याला दर तासाला एखादा व्हाळ ओलांडावा लागतो आणि अपघात तिथेच होतात.

घाटमाथ्यावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही व्हाळ फुगतो. खुणा ठरावीक आहेत. पाणी नितळ होते ते गढूळ होते. पाने आणि काड्या वाहत येऊ लागतात. काठाच्या दगडावरची ओली रेघ वर सरकते. आणि आवाज खोल होतो, खाली दगड गडगडू लागल्याचा. यातली एक जरी खूण दिसली तर धबधब्याच्या कुंडातून लगेच बाहेर, आणि बाहेर म्हणजे काठावर नव्हे, वर. परतीचा व्हाळ अजून ओलांडायचा असेल तर आधी तो ओलांडा, डबा नंतर सोडा.

ओलांडताना अरुंद जागा निवडू नये, तिथे पाणी खोल आणि वेगवान असते. रुंद, उथळ, खाली वाळू-खडी असलेली जागा शोधा. गुडघ्यावर वेगवान पाणी असेल तर परत फिरा. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, एका वेळी एकच पाय हलवायचा. बूट काढायचे नाहीत. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर पिशवी टाकता यावी. अंगाला दोर बांधून ओलांडायचे नाही. माणूस पडला की तोच दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवतो.

सायकल घेऊन ओलांडत असाल तर सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवा. वरच्या बाजूला ठेवली तर पाणी तिला तुमच्या पायांवर ढकलते. चाकांचे आस बुडाले असतील तर त्याच आठवड्यात हब उघडून ग्रीस पाहा. दुधट झाले असेल तर पाणी शिरले.

आणखी एक: कुंभारजुवे कालव्यात आणि त्याला लागून असलेल्या खाजनांत मगरी आहेत. चिखलाची सायकल धुवायला तिथे पाण्यात उतरू नये.


नवा_पेडल

व्हाळकाठबाय, जळवा आणि गोचिडांवर काय करावे? मीठ, तंबाखू, डेटॉल, सगळे ऐकले आहे.


व्हाळकाठ

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, धोकाही वेगळा.

जळू त्रासदायक, पण घातक नाही. बारीक विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे, पँट त्यांच्या आत, मोज्यांवर तंबाखूचे पाणी. चिकटली असेल तर निमुळत्या तोंडाकडून नख सरकवून सोडवा. जाळणे, मीठ ओतणे टाळा, ती पोटातले जखमेत ओकते. रक्त गोठू न देणारे द्रव्य ती सोडते, म्हणून रक्त तासभर झिरपते. स्वच्छ कापड दाबून धरा, घाबरू नका.

गोचीड मात्र गांभीर्याने घ्या. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. डिसेंबर ते मे हा काळ धोक्याचा, म्हणजे नेमका आपला कोरडा मोसम. विषाणू पसरवते ती गोचिडाची पिल्ले-अवस्था, टाचणीच्या डोक्याएवढी. ती पातेऱ्यात आणि खालच्या झुडपांवर असते. म्हणून पातेऱ्यावर बसू नका, झोपू नका, झुडपांना घासत पायवाट सोडू नका. डीएमपी किंवा डेपा तेल, नाहीतर २०-३० टक्के डीटचा मलम पायांना, घोट्याला आणि कमरेच्या पट्ट्याला. दर दोन तासांनी एकमेकांची मान, कानामागे, काख, गुडघ्यामागचा भाग पाहा. घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात, अंगाला साबण. चिकटलेले गोचीड बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ ओढा. पिळू नका, रॉकेल-तूप लावू नका. रानात मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, जागा लक्षात ठेवा आणि आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा.

पुढचे तीन आठवडे ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे पहिल्या वाक्यात सांगा. माकडताप साधारण ३ ते ८ दिवसांत उमटतो. स्क्रब टायफस दीड-दोन आठवड्यांनी येतो आणि त्यात कातडीवर सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली सापडते. त्याचे औषध स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण डॉक्टरांना शंका आली तरच ते दिले जाते.


सत्तरीची_वाट

सापाचे मी जोडतो. सड्यावरचा साप म्हणजे फुरसे. दगडाखाली, कपारीत. लहानखुरे, रंग जांभ्याच्याच जवळचा. दगड हाताने उलटू नका, बसायची जागा काठीने आधी वाजवा. घाटात झाडावर चापडा सापडतो, फांदी धरताना आधी फांदीकडे पाहावे. दंश झाला तर दोरी बांधायची नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही. अंगठी-कडे काढा, पाय फांद्यांचा आधार देऊन हलणार नाही असा बांधा, उचलून रस्त्यापर्यंत आणा आणि १०८ लावा. सत्तरी आणि सांग्याच्या आत बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. शेवटची रेंज कुठे होती ते वाटेत लक्षात ठेवा, धावत जाणाऱ्याला तेच लागते.

गवा वाटेत उभा असेल तर थांबा, आवाज करू नका, घंटा वाजवू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरा. सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये. तो जाईपर्यंत थांबायचे, कितीही वेळ लागो.


सडेकर

परवानगीचा विषय राहिला आहे. म्हादई (२०८ चौ.किमी) आणि नेत्रावळी (२११ चौ.किमी) ही दोन्ही अभयारण्ये १९९९ पासूनची, खोतीगाव (सुमारे ८६) त्याहून जुने. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४०. गोव्याच्या घाटातली बहुतेक आकर्षक वाट यांपैकी कुठल्यातरी हद्दीत पडते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार आत जायला परवाना लागतो. हद्दीतून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून सायकल नेणे वेगळे आणि त्या रस्त्यावरून उतरून जंगलवाटेला लागणे वेगळे. त्या त्या परिक्षेत्राच्या वन कार्यालयात आदल्या दिवशी जाऊन विचारा. फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका, पावती हातात असू द्या. पावसात धबधबे बंद होऊ शकतात. २०२३ च्या जुलैत बुडण्याच्या घटनांनंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली होती.

दूधसागरला रेल्वेमार्गावरून चालत जाण्याबद्दल विचारूच नका. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बोगद्यात दोन्ही बाजूंना जागा नसते आणि घाट उतरणाऱ्या गाडीचा आवाज वळणामुळे उशिरा कळतो.

खाणींचे जुने रस्ते डिचोली आणि सांग्यात मोहात पाडतात. रुंद, चढाचे, रिकामे. पण ती खासगी हद्द आहे, आणि मातीच्या ढिगाऱ्यांची कड पावसानंतर आतून पोकळ होते. पाणी भरलेल्या खंदकाच्या कडेपासून दूर राहा. त्याचा काठ खडा असतो, आत पडलेल्याला वर यायला हात धरण्यासारखे काही मिळत नाही.

काजूच्या मोसमात, फेब्रुवारी ते मे, डोंगरउतारावर लोक बोंडू गोळा करत असतात. त्यांच्या बागेतली वाट ही त्यांची वाट आहे. हाक मारून, विचारून जा. रात्री सौर कुंपणाच्या तारा दिसत नाहीत, म्हणून बागांच्या भागात अंधारात सायकल नको. आणि त्या दिवसांत जंगलात चूल नको, सिगारेट नको. मार्च २०२३ मध्ये म्हादईत लागलेले वणवे अजून कोणी विसरलेले नाही.


काणकोणची_बाय

वेळेचा हिशेब कोणी लिहिलेला नाही. नेस्मिथचा १८९२ चा नियम म्हणतो: ताशी ५ किमी, वर प्रत्येक ६०० मीटर चढाला एक तास. तो थंड हवेतल्या मोकळ्या डोंगरांवरचा आहे. खोतीगाव, नेत्रावळीच्या दमट जंगलात ताशी ५ च्या जागी अडीच ते तीन धरा. उदाहरण: जाऊन-येऊन १२ किमी, चढ ४५० मीटर. चालण्याचे साडेचार तास, चढाचा पाऊण तास, व्हाळ आणि गोचीड-तपासणीला एक तास. सव्वासहा तास झाले. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट झाडीत साडेपाचलाच पायाखालचे दिसेनासे होते. म्हणजे दहाला निघालात तर सव्वाचारला बाहेर, हाताशी सव्वा तास. अकराला निघालात तर एक वाट चुकली की अंधार. सातला निघा. विजेरी तरीही प्रत्येकाकडे, गटात एक नव्हे.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. सव्वासहा तासांना चार लिटर. नुसते पाणी पिऊन घाम गाळला तर डोके दुखते, मळमळते. ओआरएसचे पाकीट पाकिटावर लिहिल्याप्रमाणे लिटरभर पाण्यात, अर्ध्या लिटरमध्ये नाही. घरी करायचे तर लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. कोकमाचे सरबत चालते, मीठ घातलेले असेल तर.


नवा_पेडल

शेवटचे विचारतो. तांबड्या चिखलातून घरी आल्यावर सायकलचे काय करायचे? गॅरेजमध्ये गाडी धुतात त्या पंपाने धुतली तर चालेल?


चाक_आणि_आरे

तो पंप नको. त्या जोराने पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत शिरते, ग्रीस बाहेर. साधी नळी, बादली, मऊ ब्रश. आणि त्याच संध्याकाळी, माती ओली असताना. सुकल्यावर ती खरवडावी लागते आणि फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे पडतात. तिथे ओरखडा म्हणजे तेलगळती.

साखळी: ब्रश, डिग्रीझर, पाणी, कोरडे फडके. पूर्ण सुकल्यावर प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, पेडल मागे फिरवा, दहा मिनिटे थांबा, बाहेरचे सगळे पुसून टाका. बाहेर राहिलेले तेल धूळ धरते आणि तीच लापी दात खाते. पावसात ओल्या हवामानाचे तेल, डिसेंबरनंतर कोरडे किंवा मेण. साखळीचे माप घ्या: ११-१२ गिअरना ०.५ टक्के ताणली की बदला, ९-१० गिअरना ०.७५. उशीर केलात तर मागचे दातेही बदलावे लागतात, ते साखळीच्या कितीतरी पट महाग.

मागच्या गिअरच्या तारेचे शेवटचे वळण मातीच्या पाण्याने भरते. साखळी मोठ्या दात्यावर सहज जाते आणि लहान दात्यावर येताना अडखळते, तेव्हा गिअरला दोष देऊ नका. तो वीतभर तुकडा आणि तार बदला.

सीटची नळी वर्षातून दोनदा काढा, पुसा, ग्रीस लावून घाला. पावसानंतर एकदा, मेमध्ये एकदा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर खारी हवा ॲल्युमिनियमची नळी फ्रेममध्ये अशी घट्ट धरते की कापावी लागते. नळी कार्बनची असेल तर ग्रीस नाही, कार्बनसाठीची पेस्ट.

आणि हँगर. सायकल उजवीकडे पडली की मागच्या गिअरचा हँगर वाकतो. लक्षण असे: सगळ्यात मोठ्या दात्यावर साखळी नेली की गिअरचा पिंजरा आऱ्यांना खटखट लागतो. तसाच चढ चढलात तर पिंजरा आऱ्यांत जातो आणि चाकही जाते. मोठे दोन दाते सोडून द्या, घरी या. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा. दुकानात फ्रेम घेऊन जा, नाहीतर काढून नेलेला हँगर भोकांवर भोके ठेवून जुळवा. एक जादा हँगर, एक साखळीचा क्विक लिंक (तुमच्या गिअरसंख्येचाच) आणि साखळी तोडणारा पाना असलेला मल्टिटूल, हे तिन्ही सीटखालच्या पिशवीत. गिअरचा हात पूर्ण मोडलाच तर तो काढा, साखळी मधल्या एखाद्या दात्यावर सरळ रेषेत बसेल अशी तोडून जोडा. एकच गिअर राहतो, चढ ढकलावा लागतो, पण वाळपईपर्यंत येता येते.


नवा_पेडल

तिन्ही वस्तू उद्या घेतो. रोटर पाहिला, ‘रेझिन पॅड ओन्ली’ लिहिले आहे.


काणकोणची_बाय

मग रेझिनच ठेवा, एक नवी जोडी पिशवीत ठेवा, आणि पावसाचे दिवस संपेपर्यंत दर फेरीनंतर उजेडात धरून थर मोजा. चोर्ल्याआधी पुढचा रोटर बदलायचा विचार असेल तर दोन्ही प्रकारचे पॅड चालतील असा घ्या. १८० मिमीचा घेणार असाल तर फोर्क तेवढा पेलतो का ते फोर्कच्या माहितीपत्रकात पाहा, आणि सोबत त्या मापाचा अडॅप्टर मागा. तो नसेल तर मोठा रोटर कॅलिपरमध्ये बसणारच नाही.